टांगलेल्या तिघी

आयर्लंडच्या खेड्यांत पूर्वी असं मानत, की मे महिन्याच्या पहिल्या पहाटे चेटकीण सशाचं रूप घेते आणि गोठ्यात शिरून गाईंचं दूध पिऊन जाते. एका वर्षी जमीनदार लॉम्बार्डच्या गाई आटल्या, त्या पहाटे गोठ्यातून एक ससा पळताना दिसला, आणि माळावर एकटी राहणाऱ्या ग्रॉनिया म्हातारीवर बालंट आलं.

भरल्या अंगणात जमीनदार गरजला, "गोठ्यातून पळालेला ससा म्हणजे तूच! आजच्या आज गाव सोड."

या वयात जायचं कुठं? तेवढ्यात ग्रॉनियाची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. जमीनदारानं शिकार करून आणलेले तीन ससे तिथं टांगले होते.

"मालक, ससा म्हणजे बाईच, हे नक्की?"

"अगदी नक्की!"

"मग जाते मी. पण त्या दारात टांगलेल्या तिघी कोणाच्या लेकी, तेवढं सांगा. गावाला त्यांच्या मातीला जायला हवं. आणि रविवारी तुम्ही जिला खाल्लंत, ती कोण होती?"

अंगणातल्या सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"ससा तो ससाच," जमीनदार पुटपुटला.

"तर मग म्हातारी ती म्हातारीच," म्हणत ग्रॉनिया आपल्या चुलीकडे निघाली.

दुपारी सशाचा रस्सा वाढला गेला. जमीनदारानं ताट हळूच बाजूला सारलं.