सुटका नको म्हणणारा सुतार

नकाशात शोधूनही न सापडणाऱ्या एका राज्यात बाळोजी नावाचा सुतार तुरुंगात होता. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं तेव्हा त्याने रागाच्या भरात शेजारच्या सोनप्पा कोष्ट्याला ढकललं. सोनप्पा विहिरीच्या पायऱ्यांवरून गडगडत गेला आणि त्याचा उजवा पाय कायमचा अधू झाला. राजाने बाळोजीला तीन वर्षांची शिक्षा दिली. बाळोजीला ती फारच कमी वाटली.

म्हणून त्याने पदरची भर घातली. भाकरी ठेवून घ्यायचा, कालवण परत करायचा. स्वतःची घोंगडी शेजारच्या कैद्यावर टाकायचा, भर उन्हाळ्यातसुद्धा. रोज पहाटे उठून मोठमोठ्याने स्वतःला शिव्या द्यायचा आणि मग झोप मोडल्याबद्दल प्रत्येकाची वेगवेगळी माफी मागायचा. एका भुरट्या चोराने तर तुरुंगाच्या दरोग्याला विनवलं, की माझी शिक्षा दुप्पट करा, पण कोठडी बदला.

एकदा तुरुंगाच्या दाराची बिजागरी निखळली. दरोग्याने बाळोजीपुढे हत्यारं आणून ठेवली. ज्या हातांनी माणूस अधू केला ते हात आता कशालाच लावणार नाही, असं सांगून बाळोजी भिंतीकडे तोंड करून बसला. शेवटी दार दोरीने बांधावं लागलं.

तीन वर्षं संपली. दरोग्याने आनंदाने दोरी सोडली, पण बाळोजी हलेना. आणखी तीन वर्षं द्या म्हणाला. दरोग्याने राजाला विचारलं. शिक्षा नसताना तुरुंगात राहणं हा गुन्हा आहे, असा निरोप आला. बाळोजीला बरंच वाटलं. गुन्हा झाला, म्हणजे शिक्षा ओघानेच आली.

दरोगा टेकीला आला. त्याने बैलगाडी पाठवून सोनप्पालाच आणवलं. कुबडी टेकत सोनप्पा आत आला, तसं बाळोजीने भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. सोनप्पा जरा वेळ बघत राहिला.

"झालं का?"

"नाही," बाळोजी म्हणाला.

"मग आटप. गाडीवान थांबलाय."

बाळोजी रडू लागला. "तुझा पाय मी एक दिवस विसरलो नाही रे."

"तू न विसरल्याने तो बरा झाला नाही. माग चालवायला दोन पाय लागतात. तीन वर्षं माझा माग धूळ खातोय, बायको दुसऱ्यांच्या शेतात राबतेय. एका पायाने चालेल असा माग करू शकेल असा सुतार आसपास एकच आहे, आणि तो इथे भिंत फोडतोय."

"मला माफ केलंस का?"

सोनप्पाने विचार केला. "अजून नाही. उंबरा ओलांडताना राग येतो. पण तो माझा मी बघेन. तू तुझं बघ."

जन्मभर कोठडीत राहायची बाळोजीची तयारी होती. गावाच्या रस्त्याने चालायची मात्र नव्हती. आपण शिक्षा भोगत नसून लपून बसलोय, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तो उठला, सोनप्पाच्या चांगल्या पायाशी वाकला आणि वितीने माप घेऊ लागला.

गावात लोक कुजबुजले, पोरांनी बोटं दाखवली. बाळोजी मान खाली घालून रंधा मारत राहिला. पहिला माग असा जमला, की पायाची पट्टी दाबताच सोनप्पा बसल्या जागेवरून उलटा पडला. बाळोजी माफी मागायला वाकला, तर सोनप्पा म्हणाला, "आधी मला उठव."

चौथ्या खेपेला माग नीट चालला. पहिलं लुगडं उतरलं त्या दिवशी अंगणात माणसं जमली. आपण मागावरून कसे पडलो ते सोनप्पा हातवारे करून सांगू लागला. सगळ्यांबरोबर बाळोजीही खदखदून हसला. लगेच दचकून त्याने तोंडावर हात धरला.

सोनप्पाने त्याच्याकडे पाहिलं. "हस की," तो म्हणाला. "तुझ्या हसण्याने माझा पाय दुखत नाही."

या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: स्वतःला छळून कुणाचं झालेलं नुकसान भरून येत नाही; चूक मानावी, आपल्याने सुधारेल तेवढं सुधारावं, आणि मग स्वतःलाही माणसांत परत येऊ द्यावं.