घोंगडीची ऊब

माळावर मेंढरांचे तळ पडत, तेव्हाची गोष्ट. म्हाकू धनगराची घोंगडी म्हणायची, "थंडीत म्हाकू जगतो तो माझ्या उबेवर."

एका संध्याकाळी मेंढीला कोकरू झालं. ते ओलं होतं, काकडत होतं, म्हणून म्हाकूने त्याला घोंगडीत गुंडाळलं.

मेंढी म्हणाली, "त्याला माझ्या पोटाशी येऊ दे. त्याच्या अंगात ऊब उरली नाही."

"माझ्यात आहे की," म्हणत घोंगडीने त्याला आणखी आवळलं. मेंढीची ऊब बाहेरच राहिली.

उजाडलं तेव्हा कोकरू दगडासारखं गार होतं.

"मी त्याला सोडलं नाही गं," घोंगडी म्हणाली.

"म्हाकूची ऊब तू धरून ठेवायचीस," मेंढी म्हणाली. "याच्याकडे धरण्यासारखी होती कुठे?"

म्हाकूने कोकरू पुरलं आणि घोंगडी अंगावर घेतली. म्हाकूच्या अंगच्या उबेने हळूहळू ती उबदार झाली.