सात घरांना पडवी का नाही

डोहेगावात आलेला पाहुणा पहिल्यांदा हेच विचारतो. घरं चांगली दगडी, जुनी, ऐसपैस. मग या सातच घरांना पडवी कशी नाही? दारातून पाय काढला की थेट रस्ता. पडवी पडली नाही. आमच्याच माणसांनी ती उतरवली. कशी, ते सांगतो, बसा.

खूप वर्षांपूर्वी इथं सटवाजी भोई नावाचा नावाडी होता. चाळीस वर्षं त्यानं या गावाला नदी पार करून दिली. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. सत्तरीला आला आणि एका महापुरात त्याची काठावरची झोपडी वाहून गेली. नाव दुसऱ्याच्या हाती गेली. म्हातारा उघड्यावर आला.

तेव्हा पंचांनी त्याला वार लावून दिले, असं सांगतात. सात दिवस, सात घरं. ज्याचा वार, त्यानं भाकरी घालायची आणि पडवीत झोपायला जागा द्यायची. बुधवार जाधवांचा, गुरुवार आमचा, म्हणजे शेळक्यांचा. रोज दिवस मावळताना सटवाजी काखेत घोंगडी, हातात तांब्या घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात जायचा. पुढं पुढं त्याला वार आठवेनात. विहिरीवर बायांना विचारायचा, "बाई, आज कोणता वार?" बाया हसायच्या.

मार्गशीर्षात एका बुधवारी, दिवेलागणीला, तो आमच्या दाराशी आला. आमचा पणजोबा भानाजी दारात होता. म्हणाला, "तात्या, आज बुधवार. जाधवांकडं जा."

जाधवांकडं मुलगी बघायला पाहुणे आले होते. पडवी भरलेली. ते म्हणाले, "तात्या, आजच्या दिवस शेळक्यांकडं बघा. आम्ही उद्या घेतो तुम्हाला."

म्हातारा परत आमच्याकडं आला. भानाजी म्हणाला, "वार म्हणजे वार. आज त्यांचा, उद्या आमचा." आणि पडवीचं दार लावून घेतलं. आत कुणी नव्हतं. नुसती ज्वारीची पोती होती.

सकाळी लोक नदीवर गेले, तर सटवाजी नावेत बसलेला. घोंगडी दवानं भिजून जड झालेली, ओठ निळे, पण जिवंत. सातही घरची माणसं धावली. जो तो म्हणू लागला, "तात्या, माझ्याकडं चला."

सटवाजीनं विचारलं, "किती दिवस?"

तो कुणाला टाकून बोलला नाही म्हणे. एवढंच म्हणाला, "उपाशी ठेवलं नाही रे तुम्ही मला. पण रोज उठलं की निघायचं, याचा लई शीण होतो."

भानाजीची बायको हौसाबाई तिथंच होती. ती घरी आली, पोती बाहेर ओढली आणि पडवीचा पहिला वासा स्वतः उपसला. नवरा आडवा आला, तर म्हणाली, "हिच्यात पोती मावली, माणूस मावला नाही. मला नको ही." दुपारपर्यंत बाकीची सहा घरं शिडी घेऊन आपापल्या पडव्यांवर चढली होती.

त्या लाकडांतून देवळामागं सात खोल्या उभ्या राहिल्या. पहिली सटवाजीची. पण तो फुकट राहीना. "फुकट राहिलो तर पाहुणाच की. भाडं घ्या, म्हणजे कुणी ऊठ म्हणणार नाही." भाडं ठरलं वर्षाला मूठभर ज्वारी. तो चार वर्षं तिथं राहिला आणि आपल्या अंथरुणात गेला. मग भोवतालच्या गावांतून निराधार म्हातारी माणसं आली. कुणालाही परत पाठवलं नाही.

आजही खोल्यांना कडी आतूनच आहे, बाहेरून नाही. आजही मार्गशीर्षातल्या पहिल्या बुधवारी तिथली म्हातारी माणसं भाड्याची मूठ देतात, आणि ती घ्यायला सात घरचे कर्ते टोपी काढून रांगेत उभे राहतात. म्हातारं माणूस "या" म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही.

रांगेत आमचं घर सगळ्यात शेवटी. बाप तिथं उभा राहायचा. आता मी राहतो. यंदा एका खोलीतली म्हातारी ओळख विसरली आणि मलाच विचारू लागली, "तुम्ही कोणाकडचे?"

"शेळक्यांचा," मी म्हणालो. मान काही वर झाली नाही.