दुभाष्याची कोरी जागा

फार फार वर्षांपूर्वी समुद्राकाठच्या एका राज्यात एक म्हातारा दुभाष्या होता. परदेशी गलबतांवरच्या लोकांची बोली तो राजाला उलगडून सांगायचा. त्याच्याजवळ एक वही असे. तीत प्रत्येक अनवट शब्दापुढे अर्थ, आणि अर्थापुढे तो ज्याच्या तोंडून ऐकला त्याचं नाव. ऐकलेला नसेल, तर जागा कोरी. अंदाजपंचे काही लिहायचं नाही, हा त्याचा नेम.

दरबारी हसत. "तीस वर्षं राजाचं मीठ खाल्लं, आणि वही अर्धी कोरीच," म्हणत.

एकदा परदेशच्या राजाचं पत्र आलं. 'तीन गलबतं घेऊन आमची माणसं तुमच्या किनाऱ्यावर येत आहेत,' इथवर ठीक. कशासाठी, ते सांगणारा शब्द मात्र कधी कोणी ऐकलाच नव्हता.

"गलबतं आणि किनारा म्हटल्यावर अजून काय असणार? चढाईच," सेनापती म्हणाला. पंडितांनीही माना डोलावल्या. किनाऱ्यावर पेटते बाण सज्ज झाले.

राजाने दुभाष्याकडे पाहिलं. तो पुढे होऊन म्हणाला, "महाराज, या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नाही. सूर्यास्तापर्यंत मुदत द्या. नाही सापडला, तर माझं डोकं आपलंच आहे."

धन्य तो म्हातारा. भर उन्हात तो बंदरावर दारोदार फिरला. शेवटी सुकी मासळी विकणारी एक बाई भेटली. ती त्या मुलखातून लग्न होऊन आलेली. शब्द ऐकताच तिचे डोळे भरले.

"बाबा, हा शब्द बाजारात नाही ऐकू यायचा. आपलं माणूस परमुलखात पुरलं असेल, तर तिथली मूठभर माती घरी न्यायची. त्याला आमच्याकडे असं म्हणतात."

दुभाष्याला आठवलं. गेल्या पावसाळ्यात त्याच मुलखातल्या तीन खलाशांची प्रेतं वाहून आली होती, आणि इथल्या कोळ्यांनी ती मायेनं पुरली होती. सूर्य बुडायच्या आत तो धापा टाकत दरबारात पोचला. अर्थ ऐकताच राजाने किनाऱ्यावरचे बाण उतरवायला लावले.

तिसऱ्या दिवशी गलबतं लागली. त्यांतून म्हातारे आईबाप उतरले, हातांत रिकामी गाडगी घेऊन. सेनापतीची मान खाली गेली. राजा स्वतः त्यांना वाळूतल्या त्या तीन थडग्यांपर्यंत घेऊन गेला.

परतल्यावर दुभाष्याने वहीतली कोरी जागा भरली. पुढे मासळीवालीचं नाव लिहिलं.

तात्पर्य: 'मला ठाऊक नाही' म्हणायला जो कचरत नाही, त्याच्याच शब्दावर विसंबावं.