दहा हजार एकोणऐंशी मुंग्या

फार वर्षांपूर्वी चिंचेच्या बुंध्याशी मुंग्यांचं एक मोठं वारूळ होतं. एकदा शेजारचा पाट फुटून वारुळात पाणी शिरू लागलं, तेव्हा राणीने सगळ्यांना टेकडीवर हलवायचं ठरवलं. सेनापती गजेंद्र मुंगळ्याने लगेच नियम काढला, "सगळ्या रांगा सारख्या हव्यात. अपुऱ्या रांगेतल्यांनी इथेच राहायचं."

राणी आणि सेनापती सोडून मुंग्या होत्या दहा हजार एकोणऐंशी. दोन-दोनच्या रांगा केल्या, एक उरली. सात-सातच्या केल्या, सहा उरल्या. शेवटी दहा-दहाच्या केल्या, तर नऊ जणी उरल्या आणि पाणी त्यांच्या पायांशी आलं.

"तुम्हाला शिस्तच नाही!" गजेंद्र ओरडला.

उरलेल्यांतली म्हातारी भिवरा म्हणाली, "सेनापती, आमचा आकडा मूळ संख्या आहे. त्याला एक आणि तो स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. पण त्यात एक मिळवा, मग दोनपासून दहापर्यंत कशानेही भाग जातो. दर वेळी एकच जण कमी पडतोय. तुम्ही उभे राहता का?"

"मी? रांगेत? मग हुकूम कोण देणार?"

पानावर बसलेली राणी हे ऐकत होती. "गजेंद्रराव, उभे राहा," ती म्हणाली.

गजेंद्र मान खाली घालून नवव्या मुंगीशेजारी जाऊन उभा राहिला. हुकूम कोणीच दिला नाही. रांगा मात्र टेकडीकडे निघाल्या, आणि त्यांच्या बरोबरीने चालताना सेनापतींना चांगलीच धाप लागली.