ओलं सारवण

"आणि बांबूच्या फरशीखाली ओल गेली तर, बाबा?"

गेनबाबा मठीच्या दाराशी बसले होते. ते घमेल्यात शेण कालवत होते.

विचारणारे श्रीकांत उबाळे कॉलेजात पर्यावरण शिकवतात. गावाबाहेर आईसाठी घर बांधायला घेऊन त्यांना वर्ष होत आलं होतं. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं आणि गाडं अडलं ते जमिनीवर. फरशी आईच्या पायाला सुखाची हवी, पन्नास वर्षं टिकायला हवी आणि तिच्यापायी कुठला डोंगरही पोखरला जायला नको. दर रविवारी नवे नमुने पिशवीत घालून ते बाबांच्या मठीत यायचे. माणूस हुशार, पण त्या हुशारीनंच त्यांचा पिच्छा पुरवला होता.

"आज खोली सारवायची आहे," बाबा म्हणाले. "बोलता बोलता तेवढं कर."

उबाळ्यांनी बाह्या सरसावल्या. दाराशी उकिडवे बसून ते हात फिरवू लागले. तोंडही चालूच होतं. शहाबादी थंड, पण खाणीतून येते. भाजलेल्या मातीची देखणी, पण टवके उडतात. जुनं सागवान मिळतं, पण त्याला वाळवी... एक धरावी तर दुसरी डोळ्यांपुढे नाचते, जेवणावर लक्ष लागत नाही, असंही त्यांनी सांगून टाकलं. त्यात खोटं काही नव्हतं.

बाबा बाहेर पायरीवर बसून ऐकत होते.

"काम सुरू झालं तेव्हा आई चालायची?" मध्येच त्यांनी विचारलं.

"हो. काठी टेकत बघायला यायची. गवंड्यांना चहा आणायची."

"आणि आता?"

"आता... दोघांनी धरावं लागतं."

हात जरा थांबला. मग दुप्पट जोरानं फिरू लागला.

शेवटचा हात मारून उबाळे उठले आणि तिथंच थबकले. पाठीशी कोपरा. पुढे थेट दारापर्यंत ओली जमीन. कोपऱ्यापासून सुरुवात करून मागं मागं सरत दाराशी यायचं असतं, हे घर सारवणाऱ्या कुठल्याही बाईनं त्यांना सांगितलं असतं.

"बाबा, आधी सांगितलं का नाहीत?"

"तू फरशीचं बोलत होतास."

"वाळायला किती वेळ लागेल?"

"दुपार होईल."

उबाळ्यांनी घड्याळ पाहिलं. आईजवळची बाई अकराला निघून जायची. मग आई एकटी. साडेदहा होऊन गेले होते.

त्यांनी एक पाय उचलला. ठेवला. भिंतीच्या कडेकडेनं जावं का... उडी मारली तर पोचेल का... ते घामाघूम झाले. बाबा नुसते बघत राहिले.

शेवटी उबाळे सरळ चालत आले. सहा पावलं. सगळी उमटली.

उंबऱ्याशी त्यांनी मागं वळून पाहिलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. इतकी एकसारखी सारवलेली जमीन. घाई असूनही हातातलं घमेलं खाली ठेवून ते पावलं बुजवायला वाकले.

बाबांनी घमेलं बाजूला ओढलं.

"राहू देत. एका घरात तरी पावलं उमटली."