रोज एकच खोटं बोलणारं यंत्र

"ह्या तिघांतलं खरं कोण बोलतंय ते रविवारपर्यंत सांग, रामलिंग. नाहीतर गॅरेजच्या किल्ल्या ठेव!"

असं म्हणून आबासरकारांनी मुठीत मावतील अशी तीन यंत्रं आमच्या ह्यांच्या पुढ्यात आपटली. हवा किती तापली ते मोजायची यंत्रं! एक चांदीसारखं चकचकीत, दुसरं मोठ्या पडद्याचं, तिसरं काळं, लोटीसारखं बुटकं. एकाच जागी, एकाच क्षणी पहिलं म्हणालं तीस, दुसरं तेहेतीस, तिसरं पस्तीस!

सरकारांना मोटारींच्या शर्यतीचं वेड. माळावर पाव मैलाची सरळ पट्टी आखलेली. आपली गाडी किती सेकंदांत पोहोचेल, ते आधी काचेवर लिहायचं. लिहिल्याच्या जो सगळ्यांत जवळ, तो जिंकला. लिहिल्याहून लवकर पोहोचला, तर बाद! आणि गाडीचं इंजिन म्हणे हवा पितं. हवा गार असली की पळतं, तापली की धापा टाकतं. म्हणून आधी हवा मोजायची. मागच्या शर्यतीत आमच्या ह्यांनी सांगितलेला आकडा सरकारांनी काचेवर लिहिला आणि गाडी बाद झाली.

सरकार ह्यांना दर पंधरवड्याला कामावरून काढत. पण किल्ल्या कधी मागत नसत. ह्या वेळी मागितल्या.

"चौथं चांगलं यंत्र आणून ताडून बघू का, सरकार?"

"चौथं आणलंस तर ते खरं कशावरून? मग पाचवं आणशील! ह्या तिघांतच ठरव."

हे घरी आले ते तोंड पाडूनच. मी म्हटलं, "एवढंच ना? द्या इकडे." माझा आत्मविश्वास नेहमी माझ्या अकलेच्या दोन पावलं पुढे असतो.

मी तिन्ही यंत्रं देवापुढे मांडली, अन्नपूर्णेच्या डोक्यावर जास्वंद ठेवली आणि कौल मागितला. फूल टपकन चांदीच्या यंत्रावर पडलं! मी आनंदाने ह्यांना हाक मारली. ह्यांनी वर बघितलं. "अगं, पंखा चालू आहे!"

पंखा बंद केला. मग फूल पडेचना.

मग मी भाकरी थापता थापता एकेक यंत्र हातात धरून बघायला लागले. तिन्ही आकडे भराभर चढले. "अहो, हवा तापली!" हे म्हणाले, "हवा नाही, तुझा हात तापलाय. तव्यावरून काढलास ना आत्ताच?"

अशी माझी हुशारी. तरी देवाने सोडलं नाही. कार्तिक होता. टेकडीखालच्या महादेवाला महिनाभर रोज पहाटे दिवा लावायचं माझं व्रत चालू होतं. देऊळ सात पायऱ्या जमिनीखाली. गाभारा असा, की चैत्रात शिरावं तर गार वाटतो, पौषात शिरावं तर ऊबदार. पायरीवर पाय ठेवला आणि मनात आलं, ऋतू बाहेर बदलतो, देवाच्या घरी नाही!

मग काय! रोज दिवा लावायच्या आधी तिन्ही यंत्रं नंदीमागच्या कोनाड्यात ठेवायची, प्रदक्षिणा घालायच्या आणि मग आकडे टिपायचे. पहिल्या दिवशी थांबायचं विसरले नि सोळा झाल्या. पुढे मग रोज सोळाच!

रविवारी माळावर ही गर्दी! सरकारांनी मिशीला पीळ दिला. "काय मिस्त्रीणबाई? खरं कोण?"

"कुणीच नाही, सरकार!"

ह्यांनी डोळे मिटले. किल्ल्यांवरचा हात आणखी घट्ट झाला.

"म्हणजे?"

"चांदीवालं एका दिवशी चोवीस म्हणालं, दुसऱ्या दिवशी सत्तावीस. मोठ्या पडद्याचं तर रोज नवं सांगतं. काळ्याने सहाही दिवस अठ्ठावीस सांगितलं. एवढा उकाडा त्या गाभाऱ्यात असतो होय? तेही खोटंच बोलतंय. पण रोज एकच खोटं! तेच घ्या."

"खोटारडं यंत्र घेऊ मी?"

"सरकार, संकष्टीला कॅलेंडरात चंद्रोदय लिहिलेला असतो शहराचा. आमच्या पूर्वेला डोंगर. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच चतुर्थीला छापील वेळ बघून मी चंद्र न दिसताच मोदक खाऊन टाकला! सासूबाईंनी वर्षभर ऐकवलं. मग कळलं, आमचा चंद्र नेहमी अर्धा तास उशिरा. तेव्हापासून त्याच कॅलेंडरात अर्धा तास मिळवते. एकदाही चुकले नाही! गाडीला खऱ्या हवेशी काय करायचंय? परवापेक्षा आज किती, एवढंच तिला हवं."

ह्यांनी वही पुढे केली. आठवडाभर सरावाच्या वेळी टिपलेलं होतं त्यात. काळं यंत्र एकतीस म्हणालं, त्या दिवशी गाडीला बारा पॉइंट चाळीस सेकंद लागले. पस्तीस म्हणालं, तेव्हा बारा पॉइंट बावन्न. आणि आत्ता सावलीत टांगलेलं काळं म्हणत होतं, पस्तीस!

सरकारांनी काचेवर बारा पॉइंट बावन्न लिहिलं. हिरवा दिवा लागला, धुरळा उडाला. शेजारची निळी गाडी पुढे गेली, पण लिहिल्याहून लवकर पोहोचली. बाद! सरकारांची गाडी पोहोचली, आणि फळ्यावर आकडा आला: बारा पॉइंट त्रेपन्न!

मी तोंडातल्या तोंडात महादेवाचे आभार मानत होते, तोच सरकार समोर. जिंकले तरी हेका सुटेना.

"पण मिस्त्रीणबाई, चुकणारा तो चुकणाराच! त्याला घरात ठेवायचं, हे मला अजून पटत नाही."

"सरकार, तुम्ही ह्यांना दर पंधरवड्याला कामावरून काढता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीप पाठवून परत बोलावता. अकरा वर्षं, एकदाही चुकला नाहीत! त्याच भरवशावर तर आमची चूल पेटते!"

मग सरकार असे हसले की फेटा सुटून खांद्यावर आला. हसता हसताच त्यांनी ह्यांची मूठ मिटवली, किल्ल्या आत ठेवून.

"रामलिंग, उद्यापासून तू मुख्य मिस्त्री. पगार दीडपट! आणि मिस्त्रीणबाई, ही बाकीची दोन यंत्रं तुम्हाला बक्षीस!"

"पगार चालेल, सरकार," मी हात जोडले, "पण ती दोन नकोत. रोज नवा अंदाज चुकवायला घरात मी आहे की!"